जिल्ह्याच्या सरासरीत कोण हरवतं?

१८४२ साली इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक यांनी कष्टकरी लोकांच्या आरोग्यावर एक मोठा अहवाल लिहिला. त्यातला एक छोटासा तक्ता वाचताना आजही थबकायला होतं. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं, धुराड्यांचं शहर. तिथल्या मजूर कुटुंबांत मृत्यूच्या वेळचं सरासरी वय होतं १७ वर्षं. रटलंड हा शेतीचा परगणा. तिथल्या मजूर कुटुंबांत तेच वय ३८. आणि मँचेस्टरमधल्या खानदानी, पेशेवाल्या, सुखवस्तू घरांत? तिथेही ३८. म्हणजे खेड्यातला शेतमजूर आणि शहरातला बंगलेवाला एकाच पायरीवर उभे होते. रटलंडच्या बंगलेवाल्यांचा आकडा मात्र ५२.

या चार आकड्यांत आपला सगळा विषय आला. शहरात राहता की खेड्यात, याने आयुष्य बदलतं. हातात पैसा आहे की नाही, यानेही बदलतं. आणि या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की एकीकडे बघून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. ज्या जिल्ह्यात शहरही आहे आणि खेडीही आहेत, तिथे हा सगळा गुंता बरेचदा एकाच आकड्यात कोंबलेला असतो. तो आकडा म्हणजे जिल्ह्याची सरासरी. अशा जिल्ह्यात ही सरासरी आपल्याला चुकीच्या जागी नेऊन सोडते, आणि त्याचा सर्वांत जास्त फटका खेड्यापाड्यांत विखुरलेल्या गरिबाला बसतो. हे कसं घडतं, ते इंग्लंडच्या उदाहरणावरून समजून घेऊ. तिथे वस्तीवस्तीचे आकडे अनेक वर्षं गोळा होत आले आहेत, त्यामुळे आकड्यांची ताकदही दिसते आणि त्यांची आंधळी बाजूही.

आधी त्या १७ चा अर्थ लावू. मँचेस्टरचे मजूर सतराव्या वर्षी मरत होते, असा तो अर्थ नाही. मजुरांची निम्म्याहून जास्त मुलं पाच वर्षांची व्हायच्या आतच दगावत होती, आणि त्या चिमुकल्या मरणांनी सरासरी खाली ओढली होती. जो पंचविशी गाठायचा, तो पुढेही बरीच वर्षं जगायचा. दुसरी गोष्ट म्हणजे मँचेस्टर झपाट्याने वाढत होतं. कामासाठी तरणी माणसं येत होती, त्यांना मुलं होत होती. ज्या गावात म्हातारी माणसंच कमी, तिथे म्हाताऱ्यांची मरणंही कमीच नोंदली जाणार. मग मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली येणार, हवापाणी कसंही असो. चॅडविक यांचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांतच जाणकारांनी हा आक्षेप घेतला होता. शहरातली घाण खरी होती, मरणंही खरी होती. पण फरक किती घाणीचा आणि किती वयाचा, हे त्या तक्त्यातून कळत नव्हतं.

वयाची गफलत

हीच गफलत आज उलट्या बाजूने होते. आता खेड्यांत आणि समुद्रकाठच्या छोट्या गावांत म्हातारी माणसं जास्त आहेत. शिकायला, कामाला तरुण शहरात जातात आणि निवृत्तीनंतर लोक शांत जागा शोधत शहराबाहेर येतात. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२३ च्या अहवालात नेमकं हेच मांडलं होतं: वृद्ध लोकसंख्या मोठ्या शहरांपासून दूर, ग्रामीण आणि किनारी भागांत साठत चालली आहे.

एक काल्पनिक जिल्हा घेऊन हिशेब करू. जिल्ह्यात एक शहर आणि एक ग्रामीण पट्टा, दोन्हीकडे १० हजार माणसं. शहरात पासष्टीच्या आतले ९ हजार आणि पासष्टीपुढचे १ हजार. ग्रामीण पट्ट्यात आतले ७ हजार, पुढचे ३ हजार. आता वर्षभरातले मृत्यू मोजले. शहरात पासष्टीच्या आतल्यांत हजारी ३ म्हणजे २७, पासष्टीपुढच्यांत हजारी ५० म्हणजे ५०. एकूण ७७. ग्रामीण भागात आतल्यांत हजारी २ म्हणजे १४, पुढच्यांत हजारी ४० म्हणजे १२०. एकूण १३४.

नुसता एकूण दर बघितला तर शहरात हजारी ७.७ आणि खेड्यांत १३.४. कुणीही म्हणेल, खेड्यांची तब्येत फारच वाईट. पण पुन्हा वर बघा. तरुणांतही आणि म्हाताऱ्यांतही मृत्यूचा दर खेड्यांत कमी आहे! एकूण आकडा फुगला तो फक्त तिथे म्हातारी माणसं तिप्पट आहेत म्हणून.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. दोन्हीकडे वयाची रचना सारखीच आहे असं धरायचं, समजा ८ हजार आणि २ हजार, आणि तिथले खरे दर तिला लावायचे. शहराचे होतात १२४ मृत्यू, खेड्यांचे ९६. चित्र पूर्ण उलटलं. याला वयानुसार प्रमाणित केलेला दर म्हणतात. आरोग्याचा कुठलाही अहवाल हातात आला की दर प्रमाणित आहे की नुसता, हे मी सगळ्यात आधी बघतो. तुम्हीही बघा.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. दोन जागांची तुलना करताना वय बाजूला ठेवायचं, हे बरोबर. पण खाटा, परिचारिका, औषधं किती लागतील हे ठरवताना वय बाजूला ठेवून चालत नाही. त्या ग्रामीण पट्ट्यात खरोखरच १३४ घरांत मरण आलं. त्याआधीच्या आजारपणात कुणीतरी उशाशी बसलं, कुणीतरी औषध आणायला गेलं. प्रमाणित दर सांगतो की लोक तुलनेने निरोगी आहेत. नुसता दर सांगतो की कामाचा बोजा प्रचंड आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. दुर्दैवाने निधी वाटताना अनेकदा यातला एकच आकडा टेबलावर असतो.

आणखी एक अडचण छोट्या आकड्यांची. दोनशे वस्तीच्या खेड्यात एका वर्षी दोन जण गेले आणि पुढच्या वर्षी चार, तर मृत्यू दुप्पट झाले अशी बातमी होऊ शकते. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. म्हणून छोट्या भागांसाठी तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करतात. एखाद्या वस्तीत वृद्धांचं काळजीगृह असलं तर तिथलं सरासरी आयुर्मान घसरलेलं दिसतं, कारण आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं बाहेरून तिथे राहायला आलेली असतात. नकाशावर लाल दिसणारा ठिपका कधी कधी एवढ्यामुळेच लाल असतो.

वंचितता म्हणजे नेमकं काय?

गरिबी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खिसा येतो. वंचितता त्याहून रुंद आहे. आजूबाजूचा समाज ज्या गोष्टी गृहीत धरतो, म्हणजे कोरडं ऊबदार घर, काम, शिक्षण, दवाखाना, सुरक्षित रस्ता, त्यांपैकी काही माणसाच्या वाट्याला न येणं म्हणजे वंचितता. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी ही तुलनेची बाजू आग्रहाने मांडली. माणूस उपाशी नाही, एवढ्याने तो वंचित नाही असं ठरत नाही.

इंग्लंडमध्ये आज ही वंचितता सात बाजूंच्या एका निर्देशांकाने मोजतात: उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हेगारी, घर आणि सेवांपर्यंतची पोच, आणि राहण्याचा परिसर. उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के वजन, बाकीच्यांना त्याहून कमी. साधारण दीड हजार माणसांचा एक तुकडा, असे देशाचे तुकडे पाडतात आणि सर्वांत वंचित तुकड्याला पहिला क्रमांक देऊन सगळ्यांची रांग लावतात. २०१९ मध्ये असे ३२,८४४ तुकडे होते.

या रांगेत २०१० पासून प्रत्येक वेळी, २०१५, २०१९ आणि २०२५ लाही, पहिलं नाव एकाच जागेचं आहे: जेविक. हे गाव कुठल्या महानगरातल्या झोपडपट्टीत नाही. एसेक्स परगण्यातल्या टेंड्रिंग या शहर-खेडं मिश्र जिल्ह्यात, समुद्रकाठी आहे. लंडनच्या लोकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन राहावं म्हणून १९३० च्या दशकात तिथे हलकी लाकडी घरं बांधली गेली. गल्ल्यांना मोटारींची नावं दिली: बेंटली, ऑस्टिन, सनबीम. पुढे महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर लोक तिथे कायमचे राहायला आले. उन्हाळ्यातल्या चार आठवड्यांसाठी बांधलेल्या भिंतींत माणसं हिवाळे काढू लागली. १९५३ च्या पुरात समुद्र आत शिरला आणि या छोट्या गावात तीसहून जास्त माणसं गेली. ओल, थंडी, कामाचा तुटवडा, वय झालेली आणि आजारी माणसं. ही सगळी ओझी एकाच जागी एकावर एक चढत गेली.

त्याच जिल्ह्यात, काही मैलांवर, फ्रिंटन आहे. रुंद रस्ते, मोठी घरं, सुखवस्तू निवृत्त मंडळी. क्लॅक्टनसारखं गजबजलेलं गाव आहे, आतल्या बाजूला शेतांमध्ये विखुरलेली खेडी आहेत. २०२१ च्या जनगणनेत टेंड्रिंगची लोकसंख्या सुमारे १ लाख ४८ हजार भरली, आणि दर दहा माणसांत जवळपास तीन पासष्टीपुढची. आता या जिल्ह्याचा एकच आकडा काढा. जेविक आणि फ्रिंटन एकत्र मिसळले की जो आकडा निघेल, तो त्या दोन्हींपैकी एकाही घरात राहत नाही.

निदान जेविक दिसतं तरी. ते दाट वस्तीचं आहे, त्याचा स्वतःचा तुकडा पडतो, तो रांगेत पुढे येतो, मंत्री आणि वार्ताहर तिथे जाऊन येतात. मला खरी काळजी वाटते ती आतल्या शेतांमधल्या खेड्यांची.

न दिसणारी गरिबी

शहरात दीड हजार माणसं म्हणजे चार-पाच गल्ल्या. तिथे शेजारपाजार साधारण एकाच ऐपतीचा असतो, त्यामुळे गल्ली गरीब असेल तर तुकडा गरीब दिसतो. खेड्यांत तीच दीड हजार माणसं गोळा करायला कित्येक मैलांचा पट्टा आणि पाच-सात गावं लागतात. त्यात जमीनदाराचा वाडा येतो, निवृत्त बँक अधिकाऱ्याचं बागेतलं घर येतं आणि शेतमजुराची भाड्याची खोलीही येते. तिघांची सरासरी काढली की तुकडा मध्यम निघतो. शेतमजूर तिथेच असतो, तेवढाच गरीब असतो, फक्त आकड्यात विरघळलेला असतो.

निर्देशांक तयार करणारे हा धोका स्वतःच सांगतात: वंचित भागात राहणारा प्रत्येक माणूस वंचित नसतो आणि प्रत्येक वंचित माणूस वंचित भागात राहत नाही. पण हे वाक्य अहवालाच्या मागच्या पानांवर राहतं आणि योजना आखल्या जातात पहिल्या पानावरच्या रंगीत नकाशावरून. नकाशात लाल असलेल्या दहा टक्के भागांना पैसा गेला की खेड्यातल्या गरिबाचा नंबरच लागत नाही.

मोजमापाची साधनंही शहराच्या नजरेने घडलेली असतात. टाउनसेंड यांच्या नावाचा एक जुना निर्देशांक चार गोष्टी मोजायचा: बेकारी, घरात मोटार नसणं, घर मालकीचं नसणं आणि घरातली दाटी. शहरात मोटार नसणं हे ओढगस्तीचं बऱ्यापैकी लक्षण आहे. खेड्यात मात्र कामावर जायलाच मोटार लागते. बस दिवसातून दोनदा, तीही सकाळच्या पाळीच्या वेळेला नाही. मग कुटुंब घर उबदार ठेवण्याचे, खाण्यापिण्याचे पैसे मारून जुनी मोटार चालवत राहतं. निर्देशांक त्या मोटारीकडे बघून म्हणतो, हे घर ठीक आहे. ज्या खर्चाने ते घर बुडत आहे, तोच त्याच्या सुबत्तेचा पुरावा ठरतो.

घर गरम ठेवण्याचंही तसंच. शहरात गॅस नळाने येतो, वापरला तेवढ्याचं बिल. बऱ्याच खेड्यांत ती वाहिनी पोचलेलीच नाही. तिथे अंगणात तेलाची टाकी असते आणि तेल साधारण पाचशे लिटरच्या घाऊक मापात मागवावं लागतं. ज्याच्या हातात महिन्याचे पैसे महिन्यालाच येतात, त्याला एवढी रक्कम एकदम काढता येत नाही. थंडीत टाकी रिकामी राहते. जुन्या दगडी भिंतींना ओल येते आणि म्हाताऱ्या माणसाच्या छातीत घरघर सुरू होते. डॉक्टरच्या कागदावर त्याचं नाव श्वसनविकार पडतं. त्याच्या मागची रिकामी टाकी कुठेही नोंदली जात नाही.

अंतर हा आजार

समजा सत्तरीतली एक बाई खेड्यात एकटी राहते. नवरा गेला, मोटार तो चालवायचा. तिला डोळे तपासायला मोठ्या रुग्णालयात सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. पहिली बस साडेनऊला सुटते. ती फोन करून वेळ बदलायला सांगते, फोन लागत नाही. शेजारच्या मुलाला विचारावं तर त्याची कामाची पाळी बुडते. दोनदा मागितलं, तिसऱ्यांदा तिची जीभ उचलत नाही. ती जात नाही. रुग्णालयाच्या नोंदीत तिच्या नावापुढे लागतं: रुग्ण गैरहजर. सहा महिन्यांनी दृष्टी आणखी गेलेली असते. अशा बाईला बेफिकीर ठरवणारं ते एक खूणचिन्ह मला फार खुपतं.

सेवांपर्यंतचं अंतर निर्देशांकात धरलेलं असतं, नाही असं नाही. दवाखाना, प्राथमिक शाळा, टपाल कार्यालय आणि किराणा दुकान रस्त्याने किती दूर, हे इंग्लंडमध्ये २०१९ च्या निर्देशांकापर्यंत मोजत. पण ते ज्या गटात बसतं त्याचं वजन एकूण निर्देशांकात दहा टक्क्यांहूनही कमी आहे. शिवाय रस्त्याचं अंतर मोजून बस आहे का, हे कळत नव्हतं.

रुग्णवाहिकेचं उद्दिष्ट बघा. जिवावर बेतलेल्या प्रसंगी इंग्लंडमध्ये रुग्णवाहिका सरासरी ७ मिनिटांत पोचावी असं ठरलेलं आहे. ही सरासरी मोठ्या प्रदेशाची असते. शहरांतले शेकडो फोन चार-पाच मिनिटांत निपटले की टोकाच्या वाडीला पंधरा-वीस मिनिटं लागली तरी सरासरी जागच्या जागी राहते. हृदय बंद पडलेल्या माणसाला मात्र सरासरीचा काही उपयोग नाही.

मग शहरात सगळं बरं आहे का? अजिबात नाही. एकवटलेली वंचितता माणसाला वेगळ्या रीतीने आणि फार लवकर पोखरते. इंग्लंडमध्ये २०१८ ते २०२० या काळात सर्वांत वंचित दहा टक्के आणि सर्वांत सुस्थितीतल्या दहा टक्के भागांतल्या पुरुषांच्या आयुर्मानात ९.७ वर्षांचं अंतर होतं, बायकांच्या ७.९ वर्षांचं. त्याहून बोचरं सत्य स्कॉटलंडमधल्या सुमारे साडेसतरा लाख रुग्णांच्या नोंदींतून २०१२ साली पुढे आलं: एकाच वेळी दोन किंवा जास्त दीर्घ आजार जडण्याचं वय वंचित भागांत १० ते १५ वर्षं आधी येतं. चाळिशीतच मधुमेह, दमा, खचलेलं मन. अशा माणसाचं शरीर साठीच्या माणसासारखं वागतं, पण वयाच्या तक्त्यात तो तरुण म्हणून मोजला जातो. म्हणजे वयाकडे बघून निधी वाटला तर शहरातल्या गरिबावर अन्याय, आणि वंचित भागांच्या नकाशाकडे बघून वाटला तर खेड्यातल्या गरिबावर. मिश्र जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यापुढे हा पेच रोजचा आहे. ज्या जिल्ह्यात दोन वेगळ्या मापांची गरज आहे तिथे एकच माप वापरून तो सुटणार नाही, हे माझं ठाम मत आहे. शहरात वस्ती मोजा. खेड्यात घर मोजा.

घर मोजणं म्हणजे काय, ते वेल्समधल्या ग्लिनकॉरग या गावात दिसलं. कोळशाच्या खाणींचं गाव, वस्ती दोनेक हजार. ज्युलियन ट्यूडर हार्ट तिथे साधे गावचे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला, जो आजही उद्धृत होतो: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. जिथे आजारी माणसं जास्त, तिथे डॉक्टर कमी. व्हिटी यांच्या २०२१ च्या अहवालात इंग्लंडच्या किनारी गावांबद्दल तेच पुन्हा दिसलं: आजारांचं प्रमाण जास्त, आणि शिकाऊ डॉक्टर, तज्ज्ञ, परिचारिका रुग्णांच्या मानाने कमी.

पण ट्यूडर हार्ट नियम मांडून थांबले नाहीत. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा बघू, ही पद्धत त्यांनी सोडून दिली. गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची यादी केली आणि प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचाच असं ठरवलं. जे आले ते आले. जे आले नाहीत त्यांची नावं वेगळी काढली आणि त्यांच्यामागे लागून त्यांना गाठलं. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे ज्यांना तो होता त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता. मग वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला, सिगारेट सुटावी म्हणून बोलत राहिले, वह्यांमध्ये नोंदी ठेवत राहिले. पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला. शेजारच्या खोऱ्यात तशीच गरिबी असलेलं आणखी एक गाव होतं, फक्त तिथे अशी घरोघरची नोंद झाली नव्हती. त्या गावाशी तुलना केली, वयाचा फरक धरून केली, तेव्हा पासष्टीच्या आतलं मरण ग्लिनकॉरगमध्ये कमी निघालं.